सरकारी रुग्णालयात हलगर्जी झाली, जाब कोणाला विचारायचा? मुंबईकरांचे वारंवार येणारे प्रश्न

माझे मामा मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात दाखल होते. तिथे जे घडलं, त्यानंतर कागद कसे मागायचे, अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा हे मी धडपडत शिकलो. आता ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात. बहुतेकदा रात्री, आणि बहुतेकदा हॉस्पिटलच्या जिन्यावरूनच. त्यांचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर वकील गाठाच.

पेशंट दगावला म्हणजे हलगर्जी झालीच, असं धरायचं का?

नाही. ही गोष्ट स्वतःशी आधी स्पष्ट करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तेवढंच शिक्षण आणि तीच साधनं असलेल्या दुसऱ्या सर्वसाधारण डॉक्टरने त्या परिस्थितीत काय केलं असतं, हे कायदा विचारतो. योग्य उपचार होऊनही माणूस जातो. उपचार चुकूनही कधीकधी वाचतो.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण तीन तऱ्हांच्या असतात. पहिली उपचारातली चूक: औषध चुकीचं दिलं, तपासणी केली नाही, बिघडलेल्या पेशंटकडे कोणी फिरकलं नाही. दुसरी वागणुकीची: ओरडणं, अपमान, माहिती न देणं, पैसे मागणं. तिसरी व्यवस्थेची: मशीन बंद, औषध नाही, वॉर्डात माणूसच नाही. तिन्ही एकाच अर्जात कोंबल्या की उत्तर सगळ्यात किरकोळ मुद्द्याचं मिळतं. म्हणून त्या वेगवेगळ्या लिहा.

रात्रीचे दोन वाजलेत, पेशंट बिघडतोय, कोणी लक्ष देत नाही. आत्ता काय करू?

तक्रारीचं नंतर बघू, आधी माणूस. सिस्टरला सांगा, पण "बघा ना जरा" असं नाही. नेमकं सांगा: "पेशंट नंबर अमुक, अर्ध्या तासापासून उठवलं तरी उठत नाहीत, घाम सुटलाय." मग वॉर्डातले निवासी डॉक्टर. ते ऑपरेशनमध्ये असतील तर त्यांच्या युनिटचे सीनियर. तेही मिळाले नाहीत तर खाली कॅज्युअल्टीत जाऊन रात्रपाळीच्या एएमओंना, म्हणजे सहायक वैद्यकीय अधिकाऱ्यांना, गाठा आणि वॉर्ड नंबर, बेड नंबर सांगा. रात्रीच्या वेळी हॉस्पिटल त्यांच्या जबाबदारीवर असतं.

प्रत्येक वेळी मोबाईलवर वेळ टिपून ठेवा. एका नातेवाइकाने पेशंटजवळच थांबावं, दुसऱ्याने धावपळ करावी. आवाज चढवू नका. रात्री आवाज चढला की सगळ्यांचं लक्ष सिक्युरिटीकडे जातं, पेशंट बाजूला राहतो.

"बेड नाही, दुसरीकडे न्या" म्हणून दारातूनच परत पाठवलं. हे चालतं का?

तातडीच्या पेशंटच्या बाबतीत नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. पोलीस केस आहे म्हणून थांबता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा निकाल १९९६ चा. पश्चिम बंगालमधल्या शेतमजूर संघटनेचा एक सदस्य १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. कोलकात्याची सरकारी रुग्णालयं एकामागून एक "बेड नाही", "सोय नाही" म्हणत राहिली. शेवटी खासगीत जाऊन खिशातून पैसे घालावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे आणि पैशाची अडचण हे सरकारचं उत्तर होऊ शकत नाही. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. रक्कम लहान आहे, पण मुंबईतला कोणताही अर्ज लिहिताना हा निकाल आधाराला घेता येतो.

एक गोष्ट मात्र जरूर करा. परत पाठवताना केस पेपर काढायला लावा आणि त्यावर "बेड उपलब्ध नाही, अमुक ठिकाणी पाठवले" असं वेळेसह लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा ट्रॉली सापडते. आणि नाहीच सापडली, तर तुम्ही आला होतात याची नोंद तरी राहते.

आमच्या हातात कोणते कागद असायला हवेत?

केस पेपर, आयपीडी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक), तपासण्यांचे रिपोर्ट, बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची बिलं. या चिठ्ठ्या लोक औषध घेतल्यावर फेकून देतात. फेकू नका. महापालिकेने "झिरो प्रिस्क्रिप्शन"ची, म्हणजे औषध बाहेरून आणायला न लावण्याची, घोषणा केलेली असताना बाहेरची चिठ्ठी लिहून द्यावी लागली, याचा तोच पुरावा.

आतले कागद, म्हणजे नर्सिंग चार्ट, औषधांची नोंद, ऑपरेशन नोट्स, हे डिस्चार्ज कार्डावर नसतात. ते मेडिकल रेकॉर्ड विभागातून मागावे लागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात. पेशंट हयात नसेल तर वारस म्हणून अर्ज करा, नात्याचा पुरावा जोडा. अर्जात "संपूर्ण इनडोअर केस पेपरची, नर्सेस चार्टसह, साक्षांकित प्रत" असे शब्द वापरा. नुसतं "कागद द्या" लिहिलंत तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते.

कागद लवकर का मागायचे ते मामांच्या बाबतीत कळलं. मामांना मधुमेह, पायाची जखम चिघळलेली, इन्सुलिन चालू. बेड नव्हता म्हणून दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकलेली. रात्री दर दोन तासांनी साखर तपासायची असं डॉक्टर चार्टवर लिहून गेले होते. पहाटे साडेपाचला मामांचं अंग थंडगार लागलं, हाक मारली तर डोळे नुसते फिरवले. मी चार्ट उचलला. रात्री दहानंतरचे सगळे रकाने कोरे. का कोण जाणे, मी त्याचा फोटो काढला. साडेसहाला साखर तपासली तेव्हा ती ३८ होती, म्हणजे धोकादायक इतकी कमी. मामांना आयसीयूत नेलं. पंधरा दिवसांनी साक्षांकित प्रत हातात आली तेव्हा त्यात बारा, दोन आणि चार वाजताचे आकडे होते. एकाच पेनाने, एकाच तिरकस हाताने लिहिलेले.

तो फोटो नसता तर आमच्याकडे काहीही नव्हतं. स्वतःच्या पेशंटच्या चार्टचा फोटो काढायला हरकत नाही. शेजारच्या पेशंटचे फोटो, वॉर्डाचे व्हिडिओ मात्र काढू नका. त्यांचाही खासगीपणा आहे.

तक्रार नेमकी कोणाकडे द्यायची?

हॉस्पिटल कोणाचं आहे हे आधी बघा. मुंबईत हा घोळ फार होतो. केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची. राजावाडी, शताब्दीसारखी उपनगरातलीही महापालिकेचीच. जे. जे., जीटी, कामा, सेंट जॉर्जेस ही राज्य सरकारची. कामगार विमा रुग्णालयांचा कारभार आणखी वेगळा.

मेडिकल कॉलेज असेल तर अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे, नसेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे. प्रत वरच्या कार्यालयाला: महापालिकेचं असेल तर महापालिका आयुक्तांना, राज्याचं असेल तर मंत्रालयात वैद्यकीय शिक्षण विभागाला. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते, पण फोनवर विसंबून राहू नका.

७ मार्च २०२२ रोजी महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ प्रशासकांचा कारभार राहिला. त्या काळात आरोग्य समितीत प्रश्न विचारणारं कोणी उरलं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या अर्जांचं वजन तेव्हा किती घटलं हे मी जवळून पाहिलं आहे.

साहेबांना भेटलो, ते म्हणाले "बघतो". पुरेसं आहे का?

नाही. आवक खिडकीवर दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच. तिच्याशिवाय तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "शिक्का नंतर घेऊन जा." मी बाकावर बसून राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली. तीन वाजता त्यांनी न बोलता प्रत ओढली आणि शिक्का मारला. घाई करायची नाही आणि भांडायचंही नाही, नुसतं बसून राहायचं.

अर्ज दोन पानांच्या वर नको. तारीख, वेळ, वॉर्ड, काय घडलं, कोणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. "खुनी", "कसाई" असले शब्द नकोत. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: चौकशी समिती, तिच्या अहवालाची प्रत, आणि अशी घटना टळावी म्हणून काय बदल केला त्याची लेखी माहिती.

आमचं माणूस गेलं. संशय आहे. पण पोस्टमॉर्टेम करावंसं वाटत नाही.

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. घरात आई धाय मोकलून रडतेय, गावाहून माणसं निघालीत, आणि कोणीतरी कानाशी म्हणतं, "चिरफाड कशाला, गेलेला काही परत येतो का?" तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मलाही सांगता येत नाही. पण एवढं माहीत असू द्या: मृतदेह ताब्यात घेऊन अंत्यसंस्कार झाले की मृत्यू नेमका कशाने झाला हे ठरवायचा सगळ्यात मोठा पुरावा संपतो. नंतर सगळी लढाई कागदांवर, आणि कागद समोरच्याकडे.

संशय पक्का असेल तर मृतदेह ताब्यात घेण्यापूर्वी हॉस्पिटलमधल्या पोलीस चौकीत किंवा ठाण्यात लेखी अर्ज द्या. शवविच्छेदन दुसऱ्या रुग्णालयात व्हावं आणि त्याचं चित्रीकरण व्हावं अशी मागणी त्यातच करा. काहीही ठरवलंत तरी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मागा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

पोलिसांत गेलो तर डॉक्टरला लगेच अटक होते का?

होत नाही, आणि माझ्या मते होऊही नये. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य पातळीचा हवा आणि कारवाईआधी त्याच शाखेतल्या निष्पक्ष, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यावं. त्यामुळे पोलीस आधी तज्ज्ञांच्या समितीकडून अहवाल मागवतात आणि त्यात महिने जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना घडला तर दोन वर्षांपर्यंत.

ग्राहक न्यायालयात जाता येतं का? आम्ही तर फक्त केस पेपरचे पैसे भरले होते.

इथेच बरेच जण अडकतात. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाप्रमाणे जिथे सगळ्यांना सगळं मोफत आहे ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. नावापुरती नोंदणी फी भरली म्हणून ते आत येत नाही. पण जिथे काहींकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत, तिथे मोफतवालेही ग्राहक ठरतात. म्हणून एक्स-रे, एमआरआय, ऑपरेशन, खोली यांसाठी भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती जपा. कामगार विम्याच्या रुग्णालयांबाबत प्रश्न सुटलेला आहे: २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमाधारक कामगाराला ग्राहक मानलं. मुदत घटनेपासून दोन वर्षं.

महाराष्ट्र वैद्यक परिषद काय करते?

डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाची चौकशी. ताकीद देऊ शकते, काही काळासाठी नोंदणी काढून घेऊ शकते. भरपाई देत नाही. परिचारिका, वॉर्डबॉय, प्रशासन हे तिच्या कक्षेत नाहीत.

खर्च न करता जाता येईल असं एखादं ठिकाण?

राज्य मानवी हक्क आयोग. कार्यालय मुंबईतच, फी नाही, वकील लागत नाही. रुग्णालयाकडून अहवाल मागवतो, भरपाईची शिफारस करू शकतो. घटनेला एक वर्ष होण्याआत जा. एरवी कोर्टासाठी वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

भरपाई खरंच मिळते का? त्या एका डॉक्टरची चूक सिद्ध करता आली नाही तर?

१९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला, त्यातून त्या गेल्या. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकला, उच्च न्यायालयात हरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूम पुन्हा कायम केला. तेहतीस वर्षं. पण त्या निकालातली गोष्ट आजही हाताशी धरण्यासारखी आहे: नेमकी कोणाच्या हातून चूक झाली हे दाखवता आलं नाही तरी टॉवेल आत राहिला हेच निष्काळजीपणा दाखवायला पुरेसं आहे, आणि आपल्या नोकरांच्या चुकीला सरकार जबाबदार आहे.

जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला पेशंटचा तरुण नातेवाईक एमआरआय मशीनकडे ओढला जाऊन मरण पावला. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला कुटुंबाला १० लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला सांगितलं.

महापालिकेविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ५२७ आड येतं: एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. राज्य सरकारविरुद्ध दोन महिन्यांची नोटीस. वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबलात तर ही वेळ निघून गेलेली असते. वकिलाकडे लवकर जा.

ऑपरेशनआधी कागदांवर सह्या केल्या होत्या. मग तक्रारीचा हक्क गेला का?

नाही गेला. सही धोका समजून घेतल्याची असते. निष्काळजीपणाला परवानगी दिल्याची नसते.

खरा जबाबदार कोण? डॉक्टर, सिस्टर की वरचे साहेब?

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच प्रश्नावर.

जून २०२१ मध्ये राजावाडी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात बेशुद्ध तरुणाच्या डोळ्यापाशी उंदराने कुरतडलं. तो पुढे दगावला. एप्रिल २०२४ च्या अखेरीस भांडुपमधल्या महापालिकेच्या प्रसूतिगृहात वीज गेली आणि मोबाईलच्या उजेडात सिझेरियन केल्याचा आरोप झाला. आई आणि बाळ दोघंही गेली. या दोन्ही ठिकाणी त्या रात्री ड्युटीवर असलेल्या माणसाच्या नावावर खापर फोडता येईल. पण उंदीर एका रात्रीत आयसीयूत येत नाहीत. जनरेटर शेवटचा कधी तपासला हे ड्युटीवरच्या सिस्टरला विचारून काय उपयोग?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ पेशंट दगावले, त्यात १२ नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि त्याच आठवड्यात एका खासदाराने तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर शौचालय साफ करायला लावलं. टाळ्या वाजल्या असतील. पण किती पदं रिकामी आहेत, औषधखरेदी कुठे अडली, या प्रश्नांची उत्तरं त्या झाडूने मिळाली नाहीत. जाब विचारणं आणि एखाद्याला खाली मान घालायला लावणं यांत फरक आहे.

मग वरच्यांना धरायचं कसं?

माहिती अधिकारातून. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. "हलगर्जी का झाली?" असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. कागद मागा. अमुक तारखेच्या रात्रीचा वॉर्डाचा ड्युटी रोस्टर. त्या रात्री वॉर्डात दाखल पेशंटची संख्या. परिचारिकांची मंजूर पदं आणि भरलेली पदं. अमुक मशीनच्या देखभालीच्या कराराची प्रत. ३० दिवसांत उत्तर हवं. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

मामांच्या वेळी मी रोस्टर मागवला. त्या रात्री दोन वॉर्डांना मिळून एक सिस्टर होती.

पेशंट अजून आत आहे. तक्रार केली तर त्याला त्रास देतील का?

ही भीती खरी आहे, तिला हसू नका. मी स्वतः मामा घरी येईपर्यंत लेखी तक्रार केली नाही. तोवर फक्त टिपणं ठेवली. तातडी असेल तर हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, ते मधे पडून मार्ग काढू शकतात. रागाच्या भरात "डामा"वर सही करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, पेशंट घरी नेऊ नका. मग पुढचं सगळं तुमच्या माथी येतं.

संतापून पोरांनी वॉर्डात तोडफोड केली. आता?

२०१० च्या राज्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या वस्तूंच्या दुप्पट भरपाई. शिवाय तुमच्या तक्रारीकडे कोणी बघत नाही. मार खाणारा बहुधा सलग ड्युटी करून थकलेला पंचविशीतला निवासी डॉक्टर असतो, ज्याच्या हातात ना औषधखरेदी ना नोकरभरती.

तुमच्या मामांच्या तक्रारीचं शेवटी काय झालं?

मामा घरी आले, पण बोलताना शब्द अडकतात. चौकशी झाली. पत्र आलं: "संबंधित परिचारिकेस ज्ञापन देण्यात आले असून नोंदी अद्ययावत ठेवण्याच्या सूचना दिल्या आहेत." कोरे रकाने कोणी आणि कधी भरले यावर एक ओळही नाही. ती सिस्टर मला आठवते. पहाटे मामांना ट्रॉलीवर घेताना तिनेच पाय धरले होते आणि तिचे हात थरथरत होते. रकाने तिने भरले असतील तर ते चूकच आहे. पण दोन वॉर्डांना एक सिस्टर तिने लावली नव्हती.

मी माहिती अधिकारात दुसरा अर्ज केला. त्या रात्रीचा रोस्टर कोणाच्या सहीने निघाला आणि कमतरता वर कळवली होती का, एवढंच विचारलं. मामांनी त्यावर डाव्या हाताने सही केली, उजवा अजून नीट चालत नाही. उत्तर आलेलं नाही. पहिलं अपील दाखल केलं आहे, त्याची पोच फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवली आहे.